बाजेखालची ओल

शके १८६९, फाल्गुन वद्य तृतीया. इंग्रजी हिशेबाने १९४८चा मार्च संपत आला होता. त्या दिवशी मी मामंजींची खोली सारवायला काढली. पांढरी माती चाळून ठेवली होती, शेण कालवून झालं होतं. अडचण एकच होती. खोलीत बाज होती आणि बाजेवर मामंजी होते. मामंजी म्हणजे माझे सासरे. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्यांचा सगळा मुक्काम त्या बाजेवर. माणूस हलवल्याशिवाय बाजेखालची जमीन सारवता येत नाही, आणि सासऱ्यांना हलवणं हे माझं काम नव्हतं.

हे जरा नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. होता होईल तो समोर जात नाही, आणि गेलीच तर तोंडावर पदर ओढून जाते. मी या घरात परकर सोडून नुकती लुगडं नेसायला लागले होते तेव्हा आले. पुढं मला लेक झाली, तिचं लग्न झालं, मी स्वतः जावयाची सासू झाले, तरी मामंजींशी एक शब्द बोलले नव्हते. सासूबाई होत्या तोवर काही अडत नव्हतं. मी त्यांना सांगायची, त्या मामंजींना सांगायच्या. त्या गेल्यावर मध्ये नवरा आला. तोही घरात नसला की मी उंबऱ्याशी बोलायची. "ताट वाढलंय" असं उंबऱ्याला सांगायचं, आणि मामंजी आढ्याकडे बघून "येतो" म्हणायचे. यात आम्हाला काही चमत्कारिक वाटत नव्हतं. माझ्या हातची कढी त्यांना आवडते, हेही मला आढ्याच्याच मार्फत कळलं होतं.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून चार कोसांवर. तिकडून वर जाऊन पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागतं, आणि तेव्हा ते दुसरं राज्य होतं. त्या वर्षी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, रझाकारांमुळे दिवस वाईट होते. आधी तरणे पुरुष पलीकडे गेले. मग ज्यांना जमलं ती घरंच्या घरं गाड्या जुंपून गेली. आमच्या गल्लीत संध्याकाळी धूर निघणाऱ्या चुली थोड्याच उरल्या. माझा नवरा संक्रांतीनंतर गेला. राहिला असता तर कुणीतरी उचलून नेला असता, म्हणून मीच जा म्हटलं. बापाला बैलगाडीत घालून त्या वाटेने नेणं शक्य नव्हतं, आणि बापाला टाकून दोघांनी जाणं तर नव्हतंच. निघताना तो म्हणाला, "मी येईस्तोवर आबाला जप." मी बरं म्हटलं. दारात बांधलेलं गाठोडं दिसत असताना माणूस बरं असंच म्हणतं.

कुणी अंथरुणाला खिळलं की लोक म्हणतात, सुनेने दुखणं काढलं. ऐकणाऱ्याला वाटतं, दुखणं काढणं म्हणजे एक काम असेल. नवरा घरात होता तोवर मलाही तसंच वाटत होतं. तो गेल्यावर कळलं की ते बऱ्याच जणांत वाटलेलं होतं आणि माझ्या वाट्याला त्यातला जेमतेम एक हिस्सा होता. उचलणं, बसवणं, परसात नेऊन आणणं, अंग पुसणं हे सगळं नवरा करायचा, आणि त्याच्या जोडीला न्हावी. न्हावी आमच्या बलुत्यातला, मामंजींच्याच उमरीचा, तरुणपणापासून त्यांची हजामत करत आलेला. औषध बाळापूरच्या हकिमाचं. चूल, पथ्य, धुणं माझं. रात्री हाक आली की उठायचं ते नवऱ्याने. आणि बोलायचं तेही त्यानेच. रोज जेवताना तो बापापाशी बसून बांध कुठं फुटला, कुणाचा बैल लंगडतोय, असलं काहीबाही सांगायचा. ते औषधात धरलेलं नव्हतं. तो गेल्यानंतर मामंजी जेवण अर्ध्यावर टाकू लागले तेव्हा मला वाटलं, तेही औषधच होतं.

न्हाव्याने आपला हिस्सा सोडला नाही. सकाळी उजाडताना यायचा आणि दिवस मावळताना यायचा. मधल्या वेळात घरात मी आणि मामंजी. मी स्वयंपाकघरात, ते खोलीत, आणि मध्ये उंबरा.

मग माझी थोरली नणंद आली. ती कुरुंद्याला दिलेली. निरोप पोचल्यावर दिराची गाडी जुंपून घेऊन आली. खोलीच्या दारातूनच बापाला म्हणाली, "काय आबा, मजा हाय तुमची. पडल्या जागी ताट येऊन राहिलं."

मामंजींचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उरलेल्या बाजूने ते हसले. जड जिभेने म्हणाले, "तू बी पड. दोन ताटं येतील."

ती होती तोवर घर घरासारखं होतं. लेक असल्यामुळे तिला सगळं चालत होतं. बापाच्या पायाला तेल लावायची, पाठीला हात घालून बसवायची, लागलं तर मडकं हाताशी देऊन बाहेर येऊन उभी राहायची. आणि सतत बोलायची. कुरुंद्याच्या जावांच्या भांडणापासून म्हशीच्या दुधापर्यंत. मी चुलीपाशी बसून ऐकायची. ते माझ्याशी नव्हतं, पण कानावर पडत होतं. मामंजी मधूनच एखादं वाक्य असं टाकायचे की नणंद खो खो हसायची. माझा सासरा विनोदी माणूस आहे हे मला इतक्या वर्षांनी भिंतीआडून समजलं.

हकिमालाही तिनेच बोलावून घेतलं. भला माणूस. नाडी बघितली, चोळायला तेल दिलं, एक कडू चाटण दिलं. म्हणाला, रोज दोन्ही वेळा उठवून बसवा, गार वाऱ्यापासून जपा, बाकी खुदाच्या हाती. नणंदेने त्याला कढी पाजून परत पाठवलं.

माघ सरता सरता तिला घरून बोलावणं आलं. त्यांची हळद काढून झाली होती. शिजवायला मोठ्या काहिली चढल्या होत्या, आणि चार हात कमी पडत होते. तिने बापाला सोबत चला म्हणून सांगून पाहिलं. घर मोठं आहे, गाडीत गवत घालून वर वाकळ टाकते, म्हणाली. मामंजींनी नुसती मान हलवली. तिने फार धरलं तेव्हा म्हणाले, लेकीच्या घरचं पाणी पिऊन मरायला मला काय कुणी न्हाई का. पिढ्यान्‌पिढ्यांचा तो रिवाज. सणावाराला लेकीकडं जाऊन यावं, तिच्या दारात पडून राहू नये.

गाडीत बसताना ती मला म्हणाली, "वयनी, बोलत जा आबाशी. उंबऱ्याला आतापतुर सगळं पाठ झालं असंल."

मी म्हणाले, बोलेन. गाडी वळणाआड गेली. घरात आले तर खोलीतून आवाज नाही, अंगणातून नाही. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरेना. "आक्का गेल्या," एवढं उंबऱ्याला सांगितलं. आढ्याकडून काही आलं नाही.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. आमची जवारी बटईने, पिकाच्या वाट्यावर, दिलेली होती. बटईदार पळून गेला होता आणि उरलेलं खळं मलाच आवरायचं होतं. सकाळी भाकरी करायची, ताट आणि पाण्याचा तांब्या मामंजींच्या उशाशी ठेवायचा, खळ्यावर जायचं, दुपारी येऊन बघायचं, पुन्हा जायचं. कधी कधी दिवस मावळेपर्यंत माझ्या तोंडातून एकही शब्द निघायचा नाही. बैलाला हाकलं तर तेवढंच. एकदा न्हावी आला तेव्हा त्याला काही सांगायला गेले तर घसा इतका धरला होता की पहिलं वाक्य फुटेचना. मी खाकरून टाळलं.

मामंजी वाळत चालले होते. रोज थोडे थोडे. ओठांना भेगा पडल्या, डोळे आत गेले. बोलायचे ते फक्त न्हाव्याशी, तेही कमी. एका सकाळी त्यांनी न्हाव्याला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली. न्हावी मला म्हणाला, "सूनबाई, लघवी लाल होऊन राहिली. शेंगदाण्याच्या टरफलावानी रंग." कोरडी भाकरी ते दोन घास खायचे. आंबील दिली, ताक दिलं, धन्याचं पाणी दिलं, वाटी जशीच्या तशी परत. पातळ काही गळ्याखाली उतरत नाही, असं मी धरून चालले. अर्ध्या अंगाबरोबर गळाही गेला असेल.

त्यात बाजेखाली ओल दिसायला लागली. पहिल्यांदा ती न्हाव्याला दिसली. तो म्हणाला, "आबाला आता कळत न्हाई. झिरपून राहिलंय." तो तरी काय करणार, आणि मी तरी काय. म्हाताऱ्या माणसाच्या बाजेखाली ओल दिसली तर जगात दुसरं कोणतं कारण सुचणार? वाकळ कोरडी आहे की ओली, हे कुणी बघितलं नाही. वाकळा न्हावी सकाळी उन्हात टाकायचा, संध्याकाळी अंथरायचा. बाजाराच्या दिवशी त्याने बाळापूरला हकिमाच्या कानावर घातलं. हकिमाने निरोप दिला की तसं असेल तर पाणी जरा आवरतं द्या, दिवस मावळल्यावर तर देऊच नका. मी तांब्या अर्धा भरू लागले. पण ओल वाढतच होती.

म्हणून त्या दिवशी सारवायला काढलं.

न्हाव्याने मामंजींना उचलून ओसरीवर नेलं. भिंतीशी घोंगडी घातली, उशाला पोतं दिलं. मी तोवर मागच्या दाराने खोलीत गेले. सगळं झाल्यावर तो अंगणातून निघेना. धोकटी या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. मी खोलीच्या दारातूनच काय म्हणून विचारलं.

"पाडव्याच्या आत आमी बी निघून राहिलो, सूनबाई," तो म्हणाला. "पोरं ऐकत न्हाईत. मी ऱ्हातो म्हनलं तर म्हनतात, तुमाला ठिवून आमी कसं जावं."

"बराबर हाय त्यांचं."

"आबाचं काय, ते मला सुचून न्हाई राहिलं."

मी त्याला संध्याकाळी या म्हणाले. तो गेला. गल्लीतून त्याच्या वहाणांचा आवाज येईनासा झाला आणि मी कमरेला पदर खोचून बाज ओढली.

सारवणारीला जमीन वाचता येते. शेणाच्या जमिनीवर लघवी पडली की पोपडा धरतो, कडेने पांढरट रेघ उमटते, आणि वास तर असा बसतो की वरून किती पोतेरं फिरवलं तरी जात नाही. मी बोटांनी जमीन चाचपली. माती मऊ झाली होती, दाबली की बोट रुतत होतं. पण पोपडा नाही, रेघ नाही. हात नाकाशी नेला. नुसता ओल्या मातीचा वास.

आणि ओल बाजेच्या मधोमध नव्हती. उशाकडे होती, डाव्या अंगाला. मामंजींचा धड हात डावा. तांब्या मी त्याच बाजूला ठेवत असे.

त्या खोलीतच आम्ही जवारीची पोती रचत होतो. सांडलेले दाणे कुठं ना कुठं असायचेच. मी अंधारात डोळे बारीक करून पाहिलं तर ओलीच्या मध्यभागी जवारीचे मोड आले होते. ऊन नसल्यामुळे पिवळे, दोऱ्यासारखे बारीक, एकमेकांना टेकून उभे. झिरपणाऱ्या माणसाखाली जवारी उगवत नाही, जळून जाते.

म्हणजे त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं. पाणी प्यायलं तर दुपारी लागणार, दुपारी न्हावी नाही, लेक नाही, घरात सून. म्हणून ते घोटभर सोडून पाणी पीत नव्हते. आणि भरलेला तांब्या परत गेला तर सून काळजी करेल, कुणाला तरी बोलावेल, म्हणून तो रोज उशाशी हळूच ओतून देत होते. आम्ही त्या पाण्यावरून त्यांना भ्रमिष्ट ठरवलं होतं आणि पाणी कमी केलं होतं. तहानेने वाळलेल्या माणसाला आम्ही आणखी वाळवत होतो. ओतायला पाणी कमी झालं म्हणून त्याला उलट बरंच वाटलं असेल.

मी मोड उपटून बाजूला ठेवले. ओली माती खरवडून काढली, कोरडी घातली, चोपून बसवली आणि खोली सारवून पूर्ण केली. काम अर्धं टाकून उठणं मला जमत नाही. शिवाय काय बोलायचं ते ठरवायला तेवढा वेळ हवा होता.

मग हात धुतले, तांब्या भरला आणि पदर नाकाखाली ओढून ओसरीवर गेले. मामंजी पोत्यावर मान टाकून पडले होते, डोळे मिटलेले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले.

"पाणी कुठं जातंय ते मला कळलंय," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले आणि सवयीने वर पाहिलं. ओसरीला आढं नव्हतं, नुसते पत्रे होते. मग त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

"तिथं जवारी उगवलीय. बोटभर झालीय."

समोरच्या बंद घराच्या कौलांवर कावळा उतरला, चालला, उडाला. मी बसून राहिले. खळ्यावरचं काम पडलं होतं, पण ते पडू दिलं.

"पोरगं आल्यावर पिईन," शेवटी ते भिंतीला म्हणाले.

"पोरगं कवा येतं ते तुमाला ठावं हाय का?"

"न्हाई."

"मला बी न्हाई. तवर तुमी ऱ्हात न्हाई. मी बघून राहिले न रोज."

"सुनंच्या हातानं असली कामं करून घेयापरीस," ते म्हणाले. पुढचे शब्द जिभेवर यायला वेळ लागला. "मातीत गेलेलं बरं."

मला राग आला. वाईट नाही वाटलं, राग आला. महिनाभर मी आंबील शिजवून टाकत होते, आणि हा माणूस हिशेब करून मरत होता.

"मातीत न्यायला चार खांदे लागतात," मी म्हणाले. "गावात किती ऱ्हायलेत ते मोजा. न्हावी बी पाडव्याआधी चाललाय. मंग तुमाला न्हाऊ घालायला, उचलायला, न्यायला कोन? मीच. तवा बी सुनंचेच हात लागतील. त्यापरीस जित्तेपनी लागू द्या. तवा निदान पानी तरी पोटात असंल."

त्यांनी मान वळवली. माझ्या पदराकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडेच. त्यांच्या तोंडाची धड बाजू हलली. अर्ध्या तोंडाचं हसणं आणि अर्ध्या तोंडाचं रडणं सारखंच दिसतं. मी त्यावरून काही ठरवलं नाही.

"लई बोलती गं तू," ते म्हणाले.

"इतक्या वरसाचं साचलंय."

मग मी त्यांना सांगितलं कसं करायचं ते. पदर मी हनवटीपर्यंत ओढीन, म्हणजे मला काही दिसणार नाही. तुम्ही डोळे मिटा, म्हणजे तुम्हालाही मी दिसणार नाही. मडकं, राख, पाण्याचं भांडं सगळं हाताच्या अंतरावर ठेवीन. ही गोष्ट आक्कांनाही कळणार नाही. तुमचा मुलगा आला की त्याचं काम त्याच्याकडे, मी पुन्हा उंबऱ्याआड. मी बाजारात बैलाचा सौदा ठरवावा तशी एकेक अट सांगत होते. त्यांनी डावा हात पुढं केला. मी तांब्या दिला.

ते प्यायले. घोटाघोटाला थांबून, ठसकत, थोडं छातीवर सांडत. नरड्यातून पाणी उतरत होतं. गळ्याला काहीही झालेलं नव्हतं. अर्धा तांब्या संपल्यावर म्हणाले, "गार हाय." हे मला म्हणाले.

व्हायचं ते दुपारी झालंच. हाक आली नाही, नुसता खाकरण्याचा आवाज आला. मी पदर ओढून गेले. ते जड काम होतं आणि माझ्याकडून नीट झालं नाही. लाज बाजूला राहिली. खरी पंचाईत अशी झाली की मला माणूस उचलता येत नव्हता. काखेत हात घातला तर त्यांचा मेलेला हात लोंबायला लागला, कमरेला धरलं तर मीच कलंडले. पदरामुळे मडकं नेमकं कुठं आहे ते दिसेना. दोघंही भिंतीवर आपटलो. ते कण्हले आणि मग म्हणाले, "जवारीचं पोतं बराबर उचलती. मीच जड हाय का?" मी म्हणाले, पोतं पाय झाडत नाही. कसंबसं उरकलं. राख टाकली, मडकं नेऊन पालथं केलं, हात मातीने घासून धुतले. परसात उभी राहून लिंबाकडे बघत राहिले थोडा वेळ. काही विशेष वाटत नव्हतं. दुसऱ्याचं अंग हे अंगच असतं, लेकराचं असो की म्हाताऱ्याचं, आणि ते स्वच्छ ठेवायचं असतं.

संध्याकाळी न्हावी आला, मामंजींना वाळलेल्या खोलीत नेऊन बाजेवर ठेवलं. मी त्याला काही सांगितलं नाही. तो गेल्यावर कंदील लावला आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, खोलीत, भिंतीला टेकून बसले. पहिल्यांदाच. मामंजींनी विचारलं, खळं किती राहिलं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, तांबडा बैल अजून डाव्या बाजूला ओढतो का. मी म्हणाले, ओढतो. मग ते झोपले. एवढंच बोलणं झालं. पण ते विचारत होते आणि मी सांगत होते, आणि मध्ये कुणी नव्हतं. नवरा गेल्यापासून या घरात कुणी मला काही विचारलं नव्हतं हे मला तेव्हा लक्षात आलं. मामंजींना तरी सकाळ-संध्याकाळ न्हावी होता. मी कंदिलाची वात खाली केली. बाहेर गल्लीत कुठंच उजेड नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना न्हावी आला. मी दाराआड गेले नाही. खोलीतच उभी राहिले आणि त्याला म्हणाले, "उचलायचं कसं ते मला दाखवा."

तो मामंजींकडे बघायला लागला. मामंजींनी डोळे मिटून घेतले होते. म्हणाले, "दाव तिला. न्हाईतर पाडती मला."

न्हाव्याने धोकटी खाली ठेवली. आधी मेलेला हात त्यांच्या पोटावर घ्यायचा, म्हणजे लोंबत नाही. आपला एक गुडघा त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. हात त्यांच्या पाठीमागे नेऊन धोतराच्या गाठीत मूठ घालायची, काखेत नाही. त्यांची हनवटी आपल्या खांद्यावर टेकवायची आणि मग पायांनी उठायचं, कमरेने नाही. त्याने एकदा करून दाखवलं, सावकाश. मग बाजूला सरला.

पहिल्यांदा मी उठलेच नाही. दुसऱ्यांदा उठले पण वळता आलं नाही आणि न्हाव्याने हात दिला. तिसऱ्यांदा मी पदर हनवटीपर्यंत ओढला, म्हणजे काही बघायचा मोहच राहिला नाही, मूठ घातली, हनवटी खांद्यावर घेतली आणि उठले. मामंजी उभे होते, त्यांच्या एका पायावर आणि माझ्या दोन्हींवर. त्यांचा श्वास माझ्या कानाशी होता. मी त्यांना वळवलं, बाजेच्या कडेला बसवलं, मेलेला हात मांडीवर नीट ठेवला आणि विचारलं, भाकरी आता खाता की मी खळ्यावरून आल्यावर.